वळ न उमटणारी काठी

रिमांडला आणलेल्या माणसाला न्यायाधीश एक प्रश्न विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" सोलापूरच्या कोर्टात वकिली करताना हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे, आणि त्याचं उत्तर जवळजवळ दर वेळी एकच ऐकलं आहे, "नाही साहेब." उत्तर देताना तो माणूस न्यायाधीशांकडे बघत नाही. त्याची नजर शेजारी उभ्या असलेल्या शिपायाकडे जाते. पाच मिनिटांत कामकाज संपणार आणि त्याला त्याच शिपायाबरोबर, त्याच गाडीतून, त्याच कोठडीत परत जायचं असतं.

या "नाही साहेब"च्या मागे काय दडलंय ते शोधायला वकिलाच्या हातात आजवर एकच गोष्ट होती. ती म्हणजे अंगावरचे वळ. पोलिसांना स्टन गन, म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार, द्यायची चर्चा निघते तेव्हा मला आधी हे वळच आठवतात.

२०२० च्या टाळेबंदीतली गोष्ट. आमच्या पूर्व भागातली एक विडी कामगार बाई. तिच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या म्हणून मुलगा संध्याकाळी बाहेर पडला आणि नाक्यावर त्याच्या पाठीवर, मांडीवर काठ्या बसल्या. तो घरी आला तेव्हा आईने शेजारणीचा मोबाइल मागून घेतला आणि त्याच्या पाठीचा फोटो काढला. चार लांब, काळेनिळे वळ. बाईला लिहिता येत नव्हतं, पण पुरावा म्हणजे काय हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. तो फोटो आणि सिव्हिल हॉस्पिटलचा कागद जोडून आम्ही अर्ज दिला. अर्जाचं पुढे फार काही झालं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. पण मुलावर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल करायची जी भाषा सुरू झाली होती, ती त्या फोटोनंतर थांबली.

दुसरी गोष्ट त्याच्या काही वर्षं आधीची. यंत्रमागावर काम करणारा एकोणीस वर्षांचा पोरगा. मोटारसायकल चोरीच्या संशयावरून त्याला शुक्रवारी रात्री उचललं आणि अटक सोमवारची दाखवली. रिमांडला तोही "नाही साहेब" म्हणाला. महिन्याभराने जेलमध्ये मुलाखतीला गेलो तेव्हा जाळीच्या पलीकडून हळूच म्हणाला, "वकीलसाहेब, करंट दिला होता. पायाच्या बोटांना आणि कानाला." मी त्याचा वैद्यकीय तपासणीचा कागद काढून पाहिला. त्यावर लिहिलं होतं, अंगावर बाह्य जखमा नाहीत. डॉक्टरांनी खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. मला मात्र कोर्टाला दाखवायला काहीच उरलं नव्हतं, आणि त्या पोराचं काही ना काही देणं माझ्याकडे राहिलं आहे असं मला आजही वाटतं.

पोलिसांना स्टन गन द्याव्यात की नाही, हा वाद अधूनमधून आपल्याकडे येतो. लाठी आणि गोळी यांच्या मधलं, आधुनिक, कमी घातक असं हत्यार पोलिसांना का देऊ नये, असं विचारलं जातं. मला तेव्हा तो कागद आठवतो.

हे यंत्र आहे काय? १९७० च्या दशकात जॅक कव्हर या अमेरिकी शास्त्रज्ञाने टेझर नावाचं स्टन गनचं यंत्र बनवलं. चाप ओढला की दाबलेल्या वायूच्या जोरावर त्यातून बारीक तारांना जोडलेले दोन काटे सुटतात आणि अंगात रुततात. पन्नास हजार व्होल्टचा आकडा त्याच्याबरोबर नेहमी सांगितला जातो. अंगातून जाणारी वीज मात्र त्या मानाने फार थोडी असते. चाप एकदा ओढला की पाच सेकंद झटका बसतो, स्नायू आवळले जातात आणि माणूस लाकडासारखा खाली पडतो. त्याला आणखी एक वापर आहे. काटे न सोडता यंत्र सरळ अंगाला टेकवायचं. तेव्हा स्नायू आवळून माणूस जागच्या जागी थांबत नाही, त्याला नुसती वेदना होते. मागे राहिले तर दोन बारीक लाल ठिपके राहतात, तेही काही दिवसांत जातात. हा दुसरा वापर वाचकांनी लक्षात ठेवावा. माझा सगळा आक्षेप तिथून सुरू होतो.

त्याआधी दुसरी बाजू, आणि ती मी मनापासून मांडतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सहायक फौजदार तुकाराम ओंबळे एके-४७ घेतलेल्या अतिरेक्याला सामोरे गेले, तेव्हा त्यांच्या हातात फक्त काठी होती. बंदुकीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि प्राण दिले. आपण त्यांना अशोकचक्र दिलं, पण आपल्या पोलिसाला आपण काय देऊन रस्त्यावर पाठवतो या प्रश्नाचं उत्तर त्याने मिळत नाही. दारूच्या नशेत कोयता फिरवणाऱ्या माणसासमोर उभ्या असलेल्या हवालदाराकडे लाठी असते, किंवा साहेबांच्या कमरेला पिस्तूल असतं. लाठी पुरत नाही आणि पिस्तुलाने माणूस मरतो. अशा वेळी आठ-दहा फुटांवरून माणसाला पाडणारं यंत्र हातात असेल तर दोघंही जिवंत घरी जातील. हे म्हणणं खरं आहे. मी स्टन गनच्या विरोधात सरसकट उभा नाही.

पण या युक्तिवादात एक गृहीत दडलेलं आहे, की हे यंत्र गोळीच्या जागी येईल. आपल्याकडे गोळी कधी चालली ते आठवून पाहा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात दहा माणसं गेली. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात पवना जलवाहिनीच्या विरोधात पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरलेले तीन शेतकरी गेले. दोन्ही ठिकाणी समोर जमाव होता. स्टन गन हे एका माणसावर एका वेळी चालवायचं हत्यार आहे, जमावासमोर त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे ज्या गोळ्यांनी महाराष्ट्राला सुतक आणलं, त्यांतली एकही या यंत्राने वाचली नसती. मग ते येईल कशाच्या जागी? जिथे ते आधीच पोचलं आहे तिथले अनुभव पाहिले तर पुष्कळदा ते शब्दांच्या जागी आलेलं दिसतं. समजावणं, वाट बघणं, दोन पावलं मागे सरणं यांच्या जागी.

ऑक्टोबर २००७ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या विमानतळावर रॉबर्ट झेकान्स्की नावाचा पोलंडचा माणूस उतरला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. घ्यायला आलेली आई आणि तो एकमेकांना सापडले नाहीत. तासन्‌तास तिथे अडकून, गोंधळून त्याने शेवटी खुर्च्या हलवायला, वस्तू फेकायला सुरुवात केली. चार पोलीस आले आणि आल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आसपास त्यांनी टेझर चालवला. पुन्हा पुन्हा चालवला. माणूस तिथेच मेला. तो अंगावर धावून आला असं पोलिसांनी सांगितलं होतं. एका प्रवाशाने काढलेला व्हिडिओ बाहेर आला आणि चौकशीत त्यांचं म्हणणं टिकलं नाही. त्याच्या हातात होता तो कागद टाचायचा स्टेपलर.

ही गोष्ट मी मुद्दाम सोलापूरच्या वाचकांपुढे ठेवतो. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, दख्खनी या भाषा एका गल्लीत नांदतात. पूर्व भागात अशा म्हाताऱ्या बायका आहेत ज्यांचं आयुष्य विड्या वळण्यात गेलं आणि तेलुगूपलीकडे ज्यांना धड बोलता येत नाही. अक्कलकोटकडून बाजाराला येणारा माणूस घाबरला की कन्नडमध्ये बोलतो. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या शिपायाने "हात वर कर" म्हटलं आणि समोरचा तसाच उभा राहिला, तर तो ऐकत नाही की त्याला कळत नाही, हे ओळखायला थोडा वेळ लागतो. हातात काठी असते तेव्हा जवळ जावं लागतं, तोंड दिसतं, डोळे दिसतात. हातात चाप असला की तो वेळ मिळेलच असं नाही.

मे २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात कूमा इथल्या वृद्धाश्रमात क्लेअर नॉलंड या ९५ वर्षांच्या, स्मृतिभ्रंश झालेल्या आजीवर पोलिसाने टेझर चालवला. वॉकर धरून सावकाश चालणाऱ्या त्या आजींच्या हातात स्वयंपाकघरातली सुरी होती. त्या पडल्या, डोक्याला मार लागला आणि काही दिवसांनी गेल्या. त्या पोलिसाला पुढच्या वर्षी सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवण्यात आलं. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा राज्यात २६ वर्षं नोकरी केलेल्या एका महिला अधिकाऱ्याने "टेझर, टेझर" असं ओरडत डॉन्टे राइट या वीस वर्षांच्या मुलावर प्रत्यक्षात पिस्तूल झाडलं. दोन्ही हत्यारं कमरेला, दोन्हींना चाप. इतक्या नोकरीनंतर, प्रशिक्षण घेऊन, घाईच्या क्षणी ही चूक होते. आपल्या शिपायाला भरतीनंतर गोळीबाराचा सराव किती वेळा मिळतो, हे पोलीस दलातल्या कुणालाही विचारा.

रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१७ मध्ये अमेरिकेतल्या अशा घटनांचा शोध घेतला. पोलिसांनी टेझर चालवल्यानंतर माणूस दगावल्याच्या हजाराहून अधिक घटना त्यांनी नोंदवल्या. त्यातल्या प्रत्येकात मरणाचं कारण टेझरच होतं असं नाही, आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. पण हा शोध घेणं त्यांना शक्य झालं ते शवविच्छेदनाचे अहवाल आणि कोर्टाचे कागद बाहेर मिळत होते म्हणून. आपल्याकडे असा शोध कुणी घ्यायचा म्हटलं तर कुठल्या कागदापासून सुरुवात करणार?

आपली नोंद कशी असते ते पाहा. वर्तमानपत्रात छापून येतं, "जमावाला पांगवण्यासाठी पोलिसांनी सौम्य लाठीमार केला." मी लहानपणापासून हे वाक्य वाचत आलोय. ज्याचं डोकं फुटलं त्याला तो लाठीमार सौम्य वाटला का, हे त्या बातमीत कधी नसतं. "लाठीचा प्रसाद", "पोलिसी खाक्या दाखवताच गुन्ह्याची कबुली" हे शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की कबुली मारून घेतली हे आपण छापून सांगतो आहोत हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. ठाण्यातल्या मारायच्या पट्ट्याला कुठे "बाजीराव" म्हणतात, कुठे "सत्यशोधक". जोतीरावांनी माणसाला माणूस म्हणून उभं करण्यासाठी दिलेला शब्द आपण कातड्याच्या पट्ट्यावर लिहिला, याचा मला आजही संताप येतो. अशा भाषेत उद्या स्टन गन आली तर तिलाही एक लाडकं नाव मिळेल. "कमी घातक" हे विशेषण तर ती जन्मापासूनच घेऊन आली आहे. "सौम्य"चं ते सख्खं भावंड.

आणि हे हत्यार कुणाच्या अंगावर चालेल? सोलापुरात हा प्रश्न विचारताना लांब जावं लागत नाही. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच चोर ठरवलेल्या माणसांना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट. हजेरी दिल्याशिवाय हलायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या माणसांच्या कपाळावरचा शिक्का कायद्याने पुसला, पण वस्तीला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. परिसरात घरफोडी झाली की पहिली गाडी कुणाच्या पालापाशी थांबते, हे या शहरातला रिक्षावालाही सांगेल. बंगल्यातल्या माणसाला पोलीस फोन करून बोलावतात. पालातल्या माणसाला उचलतात. नवं यंत्र आलं तर ते या दुसऱ्या माणसाच्या कानापाशी आधी जाईल, हे मी अंदाजाने म्हणत नाही. माझ्या त्या पोराच्या कानापाशी वीज आधीच गेली होती, कुठल्याही परवान्याशिवाय.

कायदे नाहीत का? भरपूर आहेत. पळून जाऊ नये एवढ्यापुरताच अटक केलेल्या माणसाला आवर घालावा, त्याहून जास्त नको, असं जुन्या फौजदारी संहितेच्या कलम ४९ मध्ये होतं, तेच आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६ मध्ये आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं, की कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करा. काठीचे वळ ४८ तासांत जात नाहीत, म्हणून त्या निर्देशाला अर्थ आहे. विजेच्या झटक्यापुढे तो लुळा पडतो. डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवायला आणि ते चित्रण दीड वर्ष जपायला सांगितलं. ते मागायला गेलं की काय ऐकू येतं, ते माझ्याबरोबर काम करणारे सगळे वकील जाणतात: नेमका त्या दिवशी कॅमेरा बंद होता. २००६ च्या प्रकाश सिंह निकालात जिल्ह्या-जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण असावं असं म्हटलं होतं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करताना राज्य आणि विभाग एवढ्यावरच भागवलं. विडी कामगार बाईला एका दिवसाची मजुरी बुडवून सोलापूरहून पुण्याला जाणं म्हणजे काय, हे तो कायदा लिहिणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं.

मोठं देणं तर वेगळंच आहे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण तो बंधनकारक मानायची पुढची मंजुरी आजवर दिलेली नाही. छळ प्रतिबंधक विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि पुढे विरून गेलं. विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात पुन्हा तीच शिफारस केली. ज्या कराराच्या अंमलावर लक्ष ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००७ मध्ये टेझरचा वापर हा छळाचा प्रकार ठरू शकतो असं म्हटलं, तो करार आपल्याला लागूच नाही. छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा नसलेल्या देशात, खूण न ठेवणारं हत्यार पोलिसांच्या हातात द्यायचं, हा क्रम मला उलटा वाटतो.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत कायद्याचं शिक्षण घेणारा, वडार समाजातला एक तरुण कोठडीत मेला. आधी सांगितलं गेलं की छातीत दुखू लागलं. शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आलं. त्याच्या आईला गुन्हा नोंदवून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि त्या आदेशाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे हरलं. आता थोडा वेळ असं धरा की त्या अहवालात जखमा नसत्या. मग "छातीत दुखू लागलं" हेच वाक्य शेवटचं ठरलं असतं.

पोलिसांबद्दल माझ्या मनात आकस नाही. आषाढीच्या बंदोबस्तात पंढरपूरला बारा-बारा तास चिखलात उभे राहणारे, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत हरवलेली पोरं हुडकून देणारे हवालदार मी पाहिलेत. १९३० च्या मे महिन्यात या शहराने पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, तशीच पोलीस चौकी जळताना आणि दोन पोलिसांचे जीव जातानाही पाहिले. त्यापाठोपाठ मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. चार पुतळ्यांजवळून रोज कोर्टात जाताना मला तो सगळा महिना आठवतो. बळाचा हिशेब कुणी विचारू शकत नाही अशी वेळ आली की दोन्हीकडची माणसं मरतात.

म्हणून माझी मागणी स्टन गनपाशी सुरू होत नाही. ती काठीपाशी सुरू होते. कुणावर, कुणी, का, किती वेळा काठी चालवली आणि नंतर त्याला दवाखान्यात नेलं का, याची नोंद ठाण्यात त्याच दिवशी व्हावी आणि शहरातल्या एकूण नोंदी पोलीस आयुक्तालयाने दर महिन्याला जाहीर कराव्यात. सिव्हिलमध्ये आरोपीला तपासताना शिपाई पडद्याबाहेर थांबावा आणि डॉक्टरने "कुठे दुखतंय" एवढं न विचारता "काय केलं" असंही विचारावं, उत्तर जसंच्या तसं लिहावं. हे दोन-तीन वर्षं नीट चाललेलं दिसू द्या. मग नव्या यंत्राचं बोलू. तेव्हाही ते पिस्तुलाला पर्याय म्हणूनच, निवडक प्रशिक्षितांच्या हाती. अंगाला टेकवून वापरायला पूर्ण बंदी, बेडी घातलेल्या माणसावर आणि ठाण्याच्या चार भिंतींत तर कधीच नाही. टेझरमध्ये चाप कधी ओढला आणि किती सेकंद ओढला याची नोंद यंत्र स्वतःच ठेवतं. ती नोंद २४ तासांत, आरोपीबरोबरच, न्यायाधीशांपुढे यावी. काठीला असा हिशेब ठेवता येत नाही. यंत्राचा हा एक खरा फायदा आहे, आणि त्याची मागणी ते विकत घेण्याआधी करायची असते.

गेल्या पावसाळ्यात एका रिमांडला न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला. पोरगा शिपायाकडे बघून "नाही" म्हणाला. त्या तरुण न्यायाधीश बाईंनी लिहिणं थांबवलं. शिपायांना दाराबाहेर उभं राहायला सांगितलं, आम्हा वकिलांनाही चार पावलं मागे सरकायला सांगितलं आणि त्याला टेबलाजवळ बोलावून तोच प्रश्न पुन्हा विचारला. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली.